छातीतलं पाणी आणि परतीची भरती



‘भरती’ हा शब्द आम्हा फौजी माणसांच्या कानाला एका अर्थानं ऐकू येतो आणि रुग्णालयाच्या दारात उभ्या असलेल्या नातेवाइकाला दुसऱ्या. आज त्या दुसऱ्या भरतीबद्दल बोलायचं आहे, आणि त्यातही पुन्हा पुन्हा होणाऱ्या भरतीबद्दल. कर्करोग झालेल्या माणसाच्या छातीत पाणी होतं. ते काढतात, माणूस घरी येतो, दहा-पंधरा दिवसांत पुन्हा दम लागतो आणि पुन्हा रुग्णालय. ज्यांच्या घरात हे घडलं आहे त्यांना मी काय म्हणतोय ते पुढचं वाक्य न ऐकताही कळेल. बाकीच्यांनी थोडा धीर धरावा. या पाण्याला अडीच हजार वर्षांचा इतिहास आहे आणि त्यातला सर्वांत मोलाचा धडा एका लष्करी छावणीत शिकला गेला. मी डॉक्टर नाही. या विषयाकडे मी त्या छावणीच्या वाटेनं आलो.

आधी जागा समजून घेऊ, कारण नकाशा कळल्याशिवाय लढाई कळत नाही. फुप्फुसाभोवती एक पातळ आवरण असतं आणि छातीच्या भिंतीला आतून तसंच दुसरं. या दोन पापुद्र्यांमध्ये निरोगी माणसाच्या शरीरात चार-दोन चमचेच पाणी असतं. श्वास घेताना दोन्ही पापुद्रे एकमेकांवरून सहज सरकावेत एवढ्यापुरतं, जसं बिजागरीत तेल. हे पाणी सतत थोडंथोडं झिरपत असतं आणि बारीक लसवाहिन्या ते सतत शोषून घेत असतात. फुप्फुसाचा, स्तनाचा, अंडाशयाचा कर्करोग किंवा लिम्फोमा या आवरणापर्यंत पोचला की दोन गोष्टी एकदम होतात. झिरपणं वाढतं आणि शोषणारे मार्ग बंद होतात. नळ उघडा राहिला आणि मोरीही तुंबली, तर न्हाणीघराचं जे होईल तेच छातीचं होतं. एक लिटर, दोन लिटर, कधी त्याहून जास्त. माणसाला आडवं होता येत नाही. उशांना टेकून बसल्या बसल्या रात्र काढावी लागते.

तुंबलेल्या न्हाणीघरातलं पाणी बादलीनं उपसता येतं. सुईनं छातीतलं पाणी काढणं हे तसंच उपसणं आहे. तासाभरात माणसाला बरं वाटतं, चेहरा फुलतो, नातेवाईक डॉक्टरांचे पाय धरतात. पण नळ आणि मोरी दोन्ही आहेत तसेच असतात. हा फरक, म्हणजे पाणी काढणं वेगळं आणि पाणी थांबवणं वेगळं, माणसाला किती उशिरा उमगला याचीच ही गोष्ट आहे.

सुरुवात ग्रीसपासून. हिप्पोक्रेटिसच्या नावावर जे वैद्यकीय ग्रंथ आहेत त्यांत छातीत पू झालेल्या रोग्याची तपासणी सांगितली आहे. रोग्याला बसवायचं, एकानं त्याचे हात धरायचे, वैद्यानं खांदे धरून त्याला हलवायचं आणि कान लावून आत डचमळतंय का ते ऐकायचं. मग फासळ्यांच्या मधून छेद घ्यायचा किंवा फासळीला भोक पाडायचं, पू थोडाथोडा काढायचा, जखमेत कापडाची वात किंवा धातूची नळी ठेवायची. पांढरा, स्वच्छ पू आला तर रोगी वाचतो. गढूळ, दुर्गंधीचा आला तर दगावतो, असंही निरीक्षण नोंदवलं आहे. म्हणजे छातीत नळी ठेवायची कल्पना त्या काळापासूनची आहे.

त्यानंतरची शतकं मी झपाट्यानं ओलांडतो, कारण त्यांत फार काही घडलं नाही. एक टप्पा मात्र थांबण्यासारखा. ऑस्ट्रियातल्या ग्राझ गावी एका खानावळवाल्याचा मुलगा वैद्य झाला. त्याचं नाव लिओपोल्ड आउएनब्रुगर. दारूच्या पिंपावर बोटं वाजवून पिंप कुठवर भरलं आहे ते ओळखायची रीत त्याला ठाऊक होती. तीच रीत त्यानं माणसाच्या छातीवर वापरली आणि 1761 साली एक छोटी पुस्तिका प्रसिद्ध केली. हवा असेल तिथं पोकळ आवाज, पाणी असेल तिथं ठस्स. पुस्तिकेकडे फारसं कुणी लक्ष दिलं नाही. 1808 मध्ये नेपोलियनचा वैद्य कोर्व्हिसार यानं तिचं फ्रेंच भाषांतर केलं तेव्हा ती युरोपभर पोचली. आजही डॉक्टर आपल्या पाठीवर बोटं आपटतात ती त्या पिंपांचीच देणगी.

पाणी कुठं आहे हे कळू लागलं, पण छातीला हात घालायची सर्जनांना भीती वाटत होती, आणि ती खोटी नव्हती. भूल नव्हती, जंतूंची कल्पना नव्हती, भोक पाडलं की पू होणार हे जवळजवळ ठरलेलं. पॅरिसचा गियोम ड्युप्युट्रां त्या काळातला बलाढ्य सर्जन. 1835 साली त्याच्याच छातीत पाणी झालं तेव्हा त्यानं शस्त्रक्रिया नाकारली आणि तो गेला. सर्जनच्या हातून मरण्यापेक्षा देवाच्या हातून मरेन, असं तो म्हणाल्याचं सांगतात. खरं-खोटं तो जाणे. पण स्वतःच्या धंद्याची कुवत त्याला नीट ठाऊक होती असं मी म्हणेन.

कोंडी फुटली ती अमेरिकेत. 1850 साली मॅसॅच्युसेट्समध्ये मॉरिल वायमन यानं छेद घेण्याऐवजी बारीक पोकळ सुई आणि शोषणारा पंप वापरून छातीतलं पाणी काढलं, आणि बॉस्टनच्या हेन्री बाउडिच यानं ही पद्धत उचलून धरली. बाउडिचनं पुढची कित्येक वर्षं रोगी तपासले, पाणी काढलं आणि सगळं लिहून ठेवलं. सुई बारीक असल्यानं हवा आत जात नव्हती. हाच सगळा चमत्कार. 1869 मध्ये फ्रान्सच्या द्युलाफॉयनं त्यासाठी खास यंत्र बनवलं. बादली आता उत्तम झाली होती. मोरीकडे अजून कुणी पाहिलं नव्हतं.

जर्मनीत हँबुर्गला गोटहार्ड ब्यूलाउ नावाच्या डॉक्टरनं मात्र वेगळी वाट काढली. त्यानं 1875 पासून छातीत नळी घालून तिचं दुसरं टोक द्रवानं भरलेल्या बाटलीत बुडवून ठेवायला सुरुवात केली. आतलं बाहेर येईल, बाहेरची हवा आत जाणार नाही. रुग्णालयात खाटेखाली नळी लावलेली बाटली आणि तिच्यात उठणारे बुडबुडे तुम्ही पाहिले असतील. ती ब्यूलाउची बाटली. त्यानं हे सविस्तर छापलं 1891 मध्ये. तेवढ्या काळात बहुसंख्य सर्जन फासळी कापून छाती उघडी करण्याच्या रस्त्याला लागले होते आणि हँबुर्गच्या या साध्या बाटलीकडे त्यांनी काणाडोळा केला.

त्याची किंमत मोजली सैनिकांनी.

1917 मध्ये अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली. खेड्यापाड्यांतली लाखो तरुण पोरं छावण्यांमध्ये एकत्र आली. ज्यानं भरती केंद्र चालवलेलं पाहिलं आहे त्याला पुढचं सांगायला नको. एकाला गोवर आला की बराकीला येतो. गोवरापाठोपाठ न्यूमोनिया आला, पुढच्या वर्षी इन्फ्लुएंझाही आला, आणि स्ट्रेप्टोकोकस जंतूमुळे या पोरांच्या छातीत भराभर पाणी आणि पू होऊ लागला. छावण्यांतल्या सर्जननी शिकवल्याप्रमाणे केलं. पू दिसला, फासळी कापली, छाती उघडी केली. पोरं मरू लागली. छावण्यांमधला मृत्यूचा सरासरी आकडा तीस टक्क्यांच्या आसपास होता आणि काही ठिकाणी त्याच्या दुपटीहूनही जास्त. गोळी न लागता, जहाजावर न चढता.

सर्जन जनरलच्या कचेरीनं 1918 च्या सुरुवातीला एक आयोग नेमला आणि तो व्हर्जिनियातल्या कॅम्प ली इथं कामाला लागला. त्यात एव्हर्ट्स ग्रॅहम नावाचा पस्तिशीतला सर्जन होता. त्यानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी कुत्र्यांवर प्रयोग केले, छातीतल्या दाबाची गणितं मांडली आणि पोरं का मरतात ते शोधून काढलं. या रोगात पाणी फार लवकर होतं. ते पातळ असतं, फुप्फुस अजून छातीला कुठं चिकटलेलं नसतं. अशा वेळी छातीला मोठं भोक पाडलं की बाहेरची हवा आत शिरते आणि नुसतं त्या बाजूचं नाही, दुसऱ्या बाजूचं फुप्फुसही दबतं, कारण मधला पडदा मऊ असतो, ढकलला जातो. न्यूमोनियानं आधीच धापा टाकणाऱ्या पोराला तेवढं पुरे होतं.

आयोगानं सांगितलेले नियम थोडे आणि स्पष्ट होते. रोग भरात असताना पाणी काढा, पण छाती बंद ठेवून. पोकळी लवकर स्वच्छ करा आणि लवकर बुजवा. रोग्याला पोटभर खायला घाला. कॅम्प लीमध्ये मृत्यूचं प्रमाण पाच टक्क्यांच्या आत आलं. नवं औषध नाही, नवं यंत्र नाही. प्रतिजैविकं यायला अजून दोन दशकं होती. फक्त आधीची घाई थांबवली. लष्करी प्रशासनाला मी बरीच नावं ठेवू शकतो आणि या मालिकेत ठेवतही आलो आहे, पण एक मान्य करायला हवं. एकाच वयाचे, एकाच आजाराचे शेकडो रोगी, त्यांची शिस्तीत ठेवलेली नोंद आणि एक हुकूम निघाला की सगळीकडे बदलणारी पद्धत, हे मुलकी रुग्णालयात मिळालं नसतं.

त्या नियमांतल्या एका शब्दाकडे मला तुमचं लक्ष वेधायचं आहे. ‘बुजवा.’ पाणी काढून थांबू नका, पाण्याला साठायला जागाच ठेवू नका. पुवासाठी लिहिलेला हा शब्द पुढं कर्करोगाच्या पाण्याला लागू पडणार होता.

ग्रॅहमचं पुढचं आयुष्य सांगायलाच हवं. 1933 मध्ये सेंट लुईसच्या बार्न्स रुग्णालयात त्यानं कर्करोगासाठी एका रोग्याचं अख्खं फुप्फुस एका बैठकीत काढलं. रोगी स्वतः डॉक्टर होता आणि त्यानंतर तो जवळपास तीस वर्षं जगला. 1950 मध्ये अर्न्स्ट वाइंडर या विद्यार्थ्याबरोबर ग्रॅहमनं 684 रोग्यांचा अभ्यास छापून सिगारेट आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध दाखवला. ग्रॅहम स्वतः वर्षानुवर्षं सिगारेट ओढत होता. पुढं त्यानं ती सोडली, पण उशीर झाला होता. 1957 मध्ये तो फुप्फुसाच्या कर्करोगानं गेला. ज्याचं फुप्फुस त्यानं काढलं होतं तो रोगी त्याच्या मागं राहिला.

आता ‘बुजवण्या’कडे येऊ. ते करणारा माणूस आपल्याला परका नाही. निदान सोलापूरकरांना तरी नाही. नॉर्मन बेथ्यून, कॅनडाचा सर्जन. तरुणपणी त्याला स्वतःला क्षयरोग झाला होता, एक फुप्फुस हवा भरून दाबून ठेवण्याचा उपचार त्यानं हट्टानं करून घेतला आणि बरा होऊन तो छातीचा सर्जन झाला. 1935 मध्ये त्यानं एक निबंध लिहिला. फुप्फुसाचा खराब भाग कापायच्या आधी छातीत टाल्कची पूड फवारायची. तिच्यामुळे दोन पापुद्र्यांमध्ये मुद्दाम दाह होतो आणि ते एकमेकांना चिकटतात, म्हणजे शस्त्रक्रियेच्या वेळी उरलेलं फुप्फुस कोसळत नाही. टाल्क म्हणजे तेच, ज्याची पावडर आपण बाळाला लावायचो. इथं अर्थात निर्जंतुक केलेली. बेथ्यूनच्या डोक्यात कर्करोगाचं पाणी नव्हतं. पण दोन पापुद्रे चिकटले तर मध्ये पाणी साठणार कुठं? दोन दशकांनी इतर डॉक्टरांनी नेमका हाच प्रश्न विचारला आणि टाल्क कर्करोगाच्या रोग्यांसाठी वापरात आलं.

बेथ्यून पुढं स्पेनच्या यादवी युद्धात गेला, मग 1938 मध्ये चीनमध्ये, आठव्या मार्ग सेनेबरोबर. 12 नोव्हेंबर 1939 रोजी बोटाच्या जखमेतून रक्तदोष होऊन तो वारला. त्याच्या नावानं तिथं जे आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालय उभं राहिलं, त्याचे 1941 मध्ये संचालक झाले डॉ. द्वारकानाथ कोटणीस. 1938 मध्ये मुंबईहून निघालेल्या पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातले हे सोलापूरचे. त्याच पथकात नागपूरचे डॉ. चोळकरही होते. कोटणीस 9 डिसेंबर 1942 रोजी चीनमध्येच गेले, वय अवघं बत्तीस. शांतारामबापूंचा 1946 चा चित्रपट आपल्यापैकी ज्येष्ठांनी पाहिला असेल. कोटणिसांना टाल्कशी काही घेणं-देणं नव्हतं, ते रणांगणावरची सर्जरी करत होते. पण छातीचं पाणी थांबवण्याच्या आजच्या उपचाराचा एक धागा त्या रुग्णालयाच्या नावातून जातो, आणि तो सोडून पुढं जाणं मला जमलं नाही.

मधल्या काळात बाकी पदार्थही वापरून पाहिले. युद्धातल्या मस्टर्ड वायूच्या अभ्यासातून निघालेलं नायट्रोजन मस्टर्ड छातीत सोडून झालं. मग टेट्रासायक्लिन आलं. 1990 च्या दशकात त्याचं इंजेक्शन बाजारातून गेलं. ब्लिओमायसिन आलं. आपल्या देशात जखमेला लावायचं लाल-तपकिरी पोव्हिडोन आयोडीनही याच कामी वापरतात, कारण ते स्वस्त आहे आणि कुठंही मिळतं. टाल्क मात्र टिकून राहिलं.

पण टाल्कची एक अट आहे. पापुद्रे चिकटायचे तर आधी एकमेकांना टेकायला हवेत. पाणी काढल्यावर फुप्फुस फुगून भिंतीला लागलं पाहिजे. काहींच्या फुप्फुसावर गाठीचं कवच बसलेलं असतं, ते फुगतच नाही. तिथं टाल्क निरुपयोगी. शिवाय या उपचाराला रोग्यानं काही दिवस नळी लावून रुग्णालयात राहायचं असतं. आणि इथं घड्याळ सुरू होतं. कर्करोगाचं पाणी छातीत आलेल्या रोग्यांचं आयुष्य बहुतेक वेळा महिन्यांत मोजलं जातं. काहींना वर्ष आणि जास्तही मिळतं, पण अनेकांना चार-सहा महिनेच. त्यातले किती दिवस खाटेवर, किती दिवस स्वतःच्या घरी?

हा प्रश्न मोजण्याची सवय वैद्यकाला फार उशिरा लागली. आम्हाला लष्करात रोज सकाळी परेड स्टेट द्यावी लागते. किती हजर, किती रजेवर, किती इस्पितळात. रुग्णालयं मात्र कोण आलं आणि कोण गेलं एवढंच मोजत. गेलेला पुन्हा आला का, हा हिशेब कुणाच्याच वहीत नव्हता. 2009 मध्ये अमेरिकेच्या मेडिकेअर योजनेतल्या वृद्धांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. घरी सोडलेल्या रोग्यांपैकी जवळपास पाचातला एक तीस दिवसांत परत भरती होत होता. सरकार दचकलं, आणि ऑक्टोबर 2012 पासून ज्या रुग्णालयांत परत भरतीचं प्रमाण अवाजवी, त्यांचे पैसे कापायला सुरुवात झाली. सुरुवातीची यादी होती हृदयविकाराचा झटका, हृदय निकामी होणं आणि न्यूमोनिया. कर्करोगाचं पाणी त्यात नव्हतं.

नसलं तरी आकडे बोलू लागले. 2012 या एका वर्षात अमेरिकेत या आजारासाठी सव्वा लाखाच्या घरात भरत्या झाल्याचा अंदाज आहे. मेडिकेअरच्याच नोंदींवरून 2018 मध्ये आणखी एक अभ्यास आला, आणि तो मला सर्वांत बोलका वाटतो. 23,431 रोग्यांचं कर्करोगाचं पाणी सुईनं काढलं होतं. त्यांपैकी 55 टक्क्यांना ते पुन्हा काढावं लागलं आणि यांतल्या निम्म्याहून अधिकांना पहिल्या दोन आठवड्यांतच. पाणी इतक्या भरभर परत येतंय म्हटल्यावर दुसऱ्या खेपेला तरी कायमचा काही उपाय करावा, अशी मार्गदर्शक तत्त्वं होती. प्रत्यक्षात तसा उपाय झाला जेमतेम चौथ्या हिश्श्याला. बाकीच्यांना पुन्हा सुई. ज्यांना कायमचा उपाय मिळाला त्यांच्या छातीवर पुढं कमी वेळा हत्यार चाललं आणि आपत्कालीन विभागातल्या खेपाही कमी झाल्या.

असं का होतं? मूर्खपणामुळे नाही. एका वेळी साधारण दीड लिटरहून जास्त पाणी काढत नाहीत, कारण दबलेलं फुप्फुस एकदम उघडलं तर त्यालाच सूज येऊ शकते. म्हणजे पहिल्याच दिवशी सगळं आटपत नाही. पहिल्या खेपेला पाणी कशाचं आहे हेही ठाऊक नसतं, ते प्रयोगशाळेत जातं. सुई टोचणं सोपं, सगळ्यांना येतं, रोग्याला लगेच आराम पडतो. आणि त्या आरामामुळेच सगळे सुटकेचा श्वास टाकतात. पुढं काय, हा प्रश्न त्या दिवशी कुणी विचारत नाही. आमच्या पलटणीतल्या एका निवृत्त सुभेदारसाहेबांना दोन महिन्यांत चार वेळा जीपमधून तालुक्यावरून शहरात आणलं, चारही वेळा तेच. रुग्णालयाचं नाव सांगण्यात अर्थ नाही, दुसरीकडेही तेच झालं असतं. त्यांचा मुलगा मला म्हणाला, “सर, दर वेळी डिस्चार्ज कार्डावर लिहिलेलं असतं, त्रास झाल्यास पुन्हा या. त्रास होणारच आहे हे त्यांनाही माहीत असतं.”

1997 मध्ये अमेरिकेत एका वेगळ्या नळीला मान्यता मिळाली. सिलिकोनची मऊ नळी, कातडीखालून थोडी सरकवत छातीत नेलेली, मध्ये कापडासारखी एक पट्टी. शरीर त्या पट्टीत वाढतं, नळी घट्ट बसते आणि जंतूंना वाट मिळत नाही. पट्टीची युक्ती डायलिसिसवाल्यांकडून आलेली, टेन्कॉफनं 1968 मध्ये पोटात घालायच्या नळीसाठी ती काढली होती. नळीचं बाहेरचं टोक झाकणानं बंद. एक दिवसाआड किंवा गरजेप्रमाणे घरीच बाटली जोडायची, पाणी काढायचं, झाकण लावायचं. रुग्णालयात जायचं ते नळी बसवायला, तेही बहुतेकदा एका दिवसापुरतं.

मग या नळीची टाल्कशी समोरासमोर लढत लावली. ब्रिटनमध्ये 2012 साली 106 रोग्यांचा अभ्यास झाला. दम कमी होण्यात दोन्ही उपाय बरोबरीचे ठरले, पण टाल्कवाल्यांना सुरुवातीला मध्यमानानं चार दिवस रुग्णालयात राहावं लागलं आणि नळीवाल्यांना शून्य. 2017 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या डॉक्टरांच्या पुढाकारानं 146 रोग्यांचा अभ्यास आला. त्यांनी मोजलं तेच जे मघापासून मी विचारतोय: नळी किंवा टाल्क मिळाल्यापासून मृत्यूपर्यंत किंवा वर्षभरात एकूण किती दिवस रुग्णालयात गेले? नळीवाले मध्यमानानं 10 दिवस, टाल्कवाले 12.

दोनच दिवस? पहिल्यांदा वाचलं तेव्हा मलाही तो आकडा किरकोळ वाटला. मग त्याच अभ्यासातला दुसरा आकडा पाहिला. त्याच बाजूच्या छातीवर पुन्हा काही करावं लागलं असे नळीवाल्यांत 4 टक्के, टाल्कवाल्यांत 22. आणि दहा दिवसांचा आकडा तरी का उरला? कारण या रोग्यांच्या सगळ्याच भरत्या पाण्यासाठी नसतात. कर्करोग वाढतो, ताप येतो, केमोथेरपीनं रक्त खाली येतं. नळी ते थांबवू शकत नाही. नळीचे स्वतःचे त्रासही आहेत, शंभरातल्या पाचेकांना तिच्यामुळे जंतुसंसर्ग होतो. त्यामुळे परत भरतीचा प्रत्येक प्रसंग म्हणजे कुणाची तरी चूक, हा अमेरिकी दंडाचा हिशेब मला इथं पटत नाही. टाळता येणारी खेप आणि न टाळता येणारी खेप यांत फरक करावाच लागतो.

आपल्या देशातली अडचण आणखी वेगळी आहे. छातीत पाणी म्हटलं की इथं पहिला संशय क्षयाचा, आणि तो रास्तच आहे, कारण क्षयानं पाणी होणारे रोगी आपल्याकडे भरपूर. पण पाणी पूर्ण न तपासता क्षयाच्या गोळ्या सुरू झाल्या, तर कर्करोगाच्या रोग्याचे महिने त्यात निघून जातात. नंतर तो परळच्या टाटा रुग्णालयाकडे निघतो. इंदूरहून, गुलबर्ग्याहून, पाटण्याहून. 1941 पासून हा ओघ चालू आहे. तिथले डॉक्टर नळी बसवतीलही, पण ती घरी कोण बघणार? आयात केलेल्या निर्वात बाटल्या दर खेपेला नव्या लागतात आणि त्या स्वस्त नसतात. म्हणून आपल्याकडचे कित्येक डॉक्टर पिगटेल नावाची बारीक नळी घालून तिला साधी लघवीची पिशवी जोडून देतात. पुस्तकात बसणारं नसेल, पण रोगी आपल्या घरी आपल्या खाटेवर असतो. खेड्यातल्या परिचारिकेला किंवा सुनेला हात धुऊन, झाकण पुसून, नळी जोडायला शिकवणं हे अर्ध्या-पाऊण तासाचं काम आहे. आमचे नर्सिंग असिस्टंट याहून अवघड गोष्टी बंकरमध्ये करायचे.

तुमच्या घरात असा रोगी असेल तर डॉक्टरांना विचारण्यासारखे प्रश्न दोन-तीनच. पाणी तपासायला कुठं पाठवलं आणि काय आलं? काढल्यानंतरच्या एक्स-रेमध्ये फुप्फुस पूर्ण फुगलं का? आणि पाणी परत आलं तर पुन्हा सुईच, की टाल्क किंवा नळी? तिसरा प्रश्न पहिल्या डिस्चार्जच्या आधी विचारायचा, दुसऱ्या भरतीच्या वेळी नाही.

नळी बसवली तर एक साधी वही ठेवावी लागते. तारीख, वेळ, किती मिलिलिटर, रंग कसा. पहिल्या आठवड्यात पाचशे-सहाशेचे आकडे दिसतात, मग काहींच्या बाबतीत ते उतरू लागतात, कारण नुसत्या नळीच्या असण्यानंही पापुद्रे कधी कधी आपोआप चिकटतात. 2018 च्या ब्रिटिश अभ्यासात याच नळीतून टाल्क सोडलं तेव्हा पाचव्या आठवड्यापर्यंत 43 टक्क्यांचं पाणी थांबलं, टाल्क न सोडता 23 टक्क्यांचं. आणि हे सगळं रुग्णालयात न राहता. लागोपाठ तीन वेळा पन्नासच्या खाली आकडा आला, एक्स-रे स्वच्छ असला आणि दम वाढलेला नसला, तर ती वही घेऊन डॉक्टरांकडे जायचं. नळी काढून टाकतात.